पारपटलाचे विकार आणि तान्ह्या बालकांच्या डोळ्यातील दाबाचे मापन : एक चिकित्सा

आधुनिक वैद्यकशास्त्रात मोजमापाला जे प्रामाण्य लाभले आहे ते बहुतांशी योग्यच आहे. तथापि यंत्रावर उमटणारा आकडा आणि शरीरातील प्रत्यक्ष स्थिती यांच्यामध्ये काही गृहीतके उभी असतात, आणि त्यांचा विसर पडण्याचा धोकाही याच प्रामाण्यातून निर्माण होतो. जन्मतः पारपटल धूसर असलेल्या तान्ह्या बालकांच्या डोळ्यातील दाब मोजण्याचा प्रश्न हे या धोक्याचे ठळक उदाहरण होय.

डोळ्यातील दाब थेट मोजावयाचा तर सुई आत घालावी लागते. ते नित्याच्या तपासणीत शक्य नसते. म्हणून हा दाब पारपटलावरूनच अनुमानाने ठरविला जातो. नॉर्वेचे श्यॉट्झ यांनी १९०५ मध्ये आणलेले दाबमापक ठरावीक वजनाखाली पारपटल किती खचते हे पाहत असे. भारतातील नेत्रशिबिरांतून ते दीर्घकाळ वापरले गेले. त्याची कोष्टके मात्र प्रौढांच्या डोळ्यांवर बेतलेली होती. बालकाच्या डोळ्याची भिंत अधिक लवचीक असल्याने तेथे दाब खऱ्यापेक्षा कमी भरे. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील गोल्डमन यांनी ही अडचण मोठ्या कल्पकतेने टाळली. पारपटलाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट केला असता पारपटलाचा ताठरपणा आणि अश्रुथराचे पृष्ठीय आकर्षण ही दोन परस्परविरोधी बले जवळपास एकमेकांना छेद देतात, आणि १ ग्रॅम बल म्हणजे १० मिलिमीटर पारा असा सुटसुटीत हिशेब लागतो. परंतु हा समतोल सुमारे ५२० मायक्रॉन जाडीच्या निरोगी प्रौढ पारपटलापुरताच आहे. पद्धतीची मर्यादा तिच्या मांडणीतच नमूद होती. पुढील काळात सोय उरली आणि अट विसरली गेली, असेच म्हणावे लागते.

ही अट मोडल्यावर काय घडते हे पारपटलाच्या आनुवंशिक अंतःस्तर-विकारात स्पष्ट दिसते. एसएलसी४ए११ या जनुकातील दोषाशी या विकाराचा संबंध २००६ मध्ये प्रस्थापित झाला. यात पारपटलाच्या आतील पेशींचा थर पाणी बाहेर टाकण्याचे काम नीट करू शकत नाही. परिणामी दोन्ही डोळ्यांची पारपटले दुधी काचेसारखी धूसर होतात आणि त्यांची जाडी १००० मायक्रॉनच्याही पुढे जाऊ शकते. अशा जाड पारपटलावर दाब वाढलेला भरतो. आता जन्मजात काचबिंदूतही पारपटल धूसर होते आणि दाब वाढलेलाच असतो. म्हणजे दोन भिन्न व्याधी एकाच रूपात आणि एकाच आकड्यासह वैद्यासमोर येतात. बाल्यावस्थेतील काचबिंदूचा उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा असल्याने आकड्यावर विसंबून निर्णय झाला तर निष्कारण शस्त्रक्रिया घडते. उलट, जाडीचे कारण देऊन आकडा झटकून टाकला तर खरा काचबिंदू दृष्टिचेतेचा कायमचा नाश करीत राहतो. हे दोन्ही विकार एकाच डोळ्यात एकत्र आढळल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा 'जाडीमुळे असेल' हे समाधान निर्दोष नव्हे.

चूक एकाच दिशेने होत असती तर वजाबाकीने काम भागले असते. तसे नाही. व्रणामुळे कडक झालेले पारपटल दाब जास्त दाखविते, तर पाण्याने फुगून मऊ झालेले पारपटल तो कमी दाखविते. पीटर्स विकृतीत मध्यभागी व्रण व फुगवटा दोन्ही असू शकतात, आणि काचबिंदूची सोबतही तेथे वारंवार असते. म्हणूनच प्रौढांच्या अभ्यासातून निघालेली जाडीनुसार दुरुस्तीची सूत्रे येथे लावणे अशास्त्रीय होय. जाडी ही एकच राशी आहे. ताठरपणा, वक्रता आणि जलांश त्या सूत्रात येतच नाहीत.

यावर उपाय म्हणून पर्किन्स यांचे हातात धरावयाचे दाबमापक, टोनो-पेन आणि फिनलंडमध्ये विकसित झालेले आयकेअर ही साधने पुढे आली. आयकेअरमधील हलकी शलाका पारपटलावर आदळून परतते आणि तिच्या मंदावण्यावरून दाब काढला जातो. थेंबांची बधिरता लागत नाही, जागे बाळही तपासता येते, ही तिची मोठी जमेची बाजू. शिवाय लहान टोकाच्या साधनांनी व्रण टाळून कडेच्या स्वच्छ भागावर माप घेता येते. मात्र या साधनांचे मूल्यमापन करणाऱ्या संशोधनाची रीत तपासण्याजोगी आहे. नवे साधन गोल्डमन किंवा पर्किन्सशी ताडून पाहावयाचे आणि आकडे जुळले की ते विश्वसनीय ठरवावयाचे, हा त्यातील प्रघात. निरोगी डोळ्यांत तो मान्य करता येईल. विकारग्रस्त पारपटलावर मात्र ज्याच्याशी तुलना करावयाची ते मापच संशयास्पद असते. दोन वाकड्या काठ्या एकमेकींशी जुळल्या म्हणून त्या सरळ ठरत नाहीत.

भुलीचा प्रश्नही असाच दुर्लक्षित राहतो. रडणाऱ्या, पापण्या आवळणाऱ्या बाळाचा दाब वाढतो. भूल दिल्यावर हॅलोथेन वा सेव्होफ्लुरेनसारखी औषधे तो उतरवितात. श्वासनलिकेत नळी घालताना तो पुन्हा चढतो. बाळ निजताच, नळी घालण्यापूर्वी माप घ्यावे हा संकेत त्यामुळेच रूढ झाला. असे असता रुग्णपत्रिकेत साधन, भूल आणि वेळ न लिहिता केवळ '२४' असा आकडा नोंदविणे म्हणजे एकक न लिहिता लांबी सांगण्यासारखेच आहे.

२०१३ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बालकाचवबिंदूचे निदान एका दाबावर ठरत नाही. २१ हून अधिक दाब, दृष्टिचेतेच्या मुखाची खोलगट झीज, पारपटलाचा वाढलेला व्यास वा त्यावरील हाबच्या रेषा, आणि डोळ्याच्या लांबीबरोबर वाढत जाणारी लघुदृष्टी अशा खुणांपैकी किमान दोन असाव्यात, अशी ती भूमिका. ती स्तुत्य आहे. पण धूसर पारपटलातून दृष्टिचेता दिसत नाही, हाबच्या रेषा दिसत नाहीत, चष्म्याचा क्रमांक काढता येत नाही. नेमक्या ज्या बालकांत दाबाचा भरवसा नाही, त्यांच्यातच इतर साक्षीदारही मुके होतात. उरतात ते व्यास आणि ध्वनिलहरींनी मोजलेली डोळ्याची लांबी. नवजात बालकाच्या पारपटलाचा व्यास साधारणतः १० मिलिमीटरच्या आसपास असतो; वर्षाच्या आत तो १२ च्या पुढे गेल्यास संशय बळावतो. अंतःस्तर-विकारात तो बहुधा वाढत नाही, हा भेद आकड्यांच्या गर्दीत सर्वाधिक उपयोगाचा ठरतो. तरीही डोळा ताणला गेल्यानंतरच व्यास व लांबी वाढतात; म्हणजे ही साक्ष हानीनंतरची आहे. एकाच साधनाने, सारख्याच परिस्थितीत, ठरावीक अंतराने घेतलेल्या मापांची मालिका आणि तिच्याशेजारी व्यास व लांबीचा आलेख, एवढाच आधार व्यवहारात राहतो.

पारपटलरोपणानंतर हा आधारही तुटतो. रोपित पारपटलाची जाडी निराळी, वक्रता निराळी आणि कडेला टाके. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची एकच मालिका मानता येत नाही. रोपणानंतर काचबिंदू उद्भवण्याचा वा बळावण्याचा धोका असतो, आणि वाढलेला दाब रोपित पारपटलालाही निकामी करू शकतो. अशा बालकाच्या पत्रिकेत रोपणाच्या तारखेपासून नवी नोंद सुरू करावी लागते, आणि पारपटल स्वच्छ झाल्यामुळे प्रथमच दिसू लागलेल्या दृष्टिचेतेचे वर्णन तिच्या पहिल्या ओळीत यावे लागते.