काटेकोर इंग्रजीचा एक नमुना

एका विज्ञान प्रदर्शनातील इंग्रजी अहवाल चाळताना आमची नजर एका वाक्यावर थांबली. नववीतल्या एका मुलीने पाणी तापवण्याच्या प्रयोगाबद्दल सरळ लिहिले होते, 'पहिल्या वेळी पाणी ढवळायला मी विसरले, म्हणून ते रीडिंग मी धरलेले नाही.' त्यावर शाळेत लाल रेघ ओढलेली होती आणि वर भारदस्त इंग्रजीत दुरुस्ती केलेली होती, 'प्रारंभिक रीडिंगमध्ये विसंगती निदर्शनास आली.' दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. शास्त्रीय इंग्रजीत 'मी' लिहायचा नसतो, असे आपण सर्वजण शिकत आलो आहोत. पण या दुरुस्तीत काय हरवले ते पाहा. चूक कोणती, तिचे कारण काय आणि त्या रीडिंगचे पुढे काय केले, या तिन्ही गोष्टी गेल्या. उरला तो फक्त भारदस्तपणा.

तेव्हा औपचारिक आणि काटेकोर इंग्रजी म्हणजे नेमके काय? नियमांची यादी देण्यापेक्षा एक खरा नमुनाच आपण तपासू. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांचे एक छोटेसे पत्र 'नेचर' या साप्ताहिकाच्या ३१ मार्च १९२८ च्या अंकात छापून आले. 'दुय्यम प्रारणाचा एक नवा प्रकार' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. ज्या शोधासाठी आपण १९८७ पासून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, त्याचीच ही बातमी.

पत्राची सुरुवात 'जर आपण असे गृहीत धरले' या अर्थाच्या शब्दांनी होते. क्ष-किरण विखुरतात तेव्हा त्यांचे दोन प्रकार दिसतात, हे कॉम्प्टन यांचे निरीक्षण घेऊन लेखक म्हणतात की, मग साध्या प्रकाशातही असे दोन प्रकार अपेक्षिता येतील. त्यानंतर ही अपेक्षा 'आम्ही' केलेल्या प्रयोगांनी खरी ठरवली, असे ते सांगतात. म्हणजे 'आम्ही' हा शब्द त्यांनी टाळलेला नाही. त्याहून महत्त्वाचा आहे तो 'जर'. तर्क कोठे संपतो आणि पाहिलेली गोष्ट कोठे सुरू होते, याची सीमारेषा त्या एका शब्दाने आखली जाते. आज आपण या परिणामाचे स्पष्टीकरण प्रकाशकण आणि रेणू यांच्यातील ऊर्जेच्या देवाणघेवाणीने करतो. पत्रातील सुरुवातीचा तर्क त्या रूपात राहिला नाही, तरीही पत्रातील निरीक्षणाला धक्का लागला नाही. दोहोंची सरमिसळ लेखकांनी होऊ दिली नव्हती, हे त्याचे कारण.

आता प्रयोगाचे वर्णन पाहू. सूर्यप्रकाश एकवटण्यासाठी वापरलेल्या दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास १८ सेंटिमीटर आणि नाभीय अंतर २३० सेंटिमीटर होते, असे आकडे पत्रात आहेत. 'शक्तिशाली भिंग' म्हणून त्यांनी वेळ मारून नेलेली नाही. पुढची युक्ती तर वर्गात सांगण्याजोगी आहे. एक निळी-जांभळी आणि एक पिवळी-हिरवी अशा दोन प्रकाशगाळण्या येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत एकत्र ठेवल्या, की एकीतून सुटलेला प्रकाश दुसरी अडवते आणि द्रवातील प्रकाशाची वाट पूर्ण नाहीशी होते. मग पिवळी गाळणी तेथून काढून द्रव आणि डोळा यांच्यामध्ये धरली. आता द्रवात फक्त निळा-जांभळा प्रकाश शिरतो आहे, आणि तो तर डोळ्यापुढची गाळणी अडवणार. तरीही वाट पुन्हा दिसली. म्हणजे द्रवातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशात वेगळा रंग मिसळला आहे. हे सगळे पत्रात मोजक्या ओळींत येते आणि वाचणारा स्वतः करून पाहू शकेल इतके स्पष्ट येते.

येथे क्रियापदे पारखून घ्यावीत. बदललेल्या प्रकाशाच्या अस्तित्वाबद्दल लेखक 'प्रूफ', म्हणजे पुरावा, हा शब्द वापरतात. पण हा प्रकाश खरोखर विखुरलेला आहे, की द्रवाच्या प्रतिदीप्तीतून आला आहे, या प्रश्नावर ते 'इंडिकेटेड', म्हणजे सूचित होते, एवढेच म्हणतात. परिणामाचा क्षीणपणा आणि त्याचे ध्रुवीकरण ही दोन कारणेही ते देतात. पुराव्याचे वजन जितके, तितक्याच वजनाचा शब्द. सुमारे साठ द्रव तपासले आणि प्रत्येकात परिणाम कमीअधिक दिसला, हे सांगून वायू आणि बाष्पांत काम अधिक अवघड आहे, अशी कबुलीही ते देतात.

पत्र निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पहिलेच वाक्य इतके लांब आहे की वाचताना दम लागतो. त्याची तीन वाक्ये सहज झाली असती. तसेच प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळताच 'आम्ही' मागे पडतो. पद्धत 'वापरली गेली', द्रव 'तपासले गेले', आणि डोळा कोणाचा, तर 'निरीक्षकाचा'. या शोधात कृष्णन यांचा वाटा किती, यावर पुढे बरीच चर्चा झाली. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. पत्राखाली नावे दोघांची असली, तरी कोणी काय केले ते कर्मणी प्रयोगाआड झाकले गेले आहे.

कर्मणी प्रयोग वाईट, असा याचा अर्थ नव्हे. उपकरण महत्त्वाचे आणि कर्ता गौण असेल तेथे तो शोभतो. पण न्यूटनने १६७२ मध्ये प्रकाशाच्या रंगांवरचा आपला लेख 'मी'ने लिहिला, आणि त्यामुळे त्याचे शास्त्रीयपण कमी झाले नाही.

म्हणून इंग्रजी अहवाल तपासताना आपण तीन गोष्टी पाहाव्यात. वाचणाऱ्याला हा प्रयोग पुन्हा करता येईल का? तर्क आणि निरीक्षण वेगळे ओळखू येतात का? शब्दांचे वजन पुराव्याइतकेच आहे का? या कसोट्यांवर ते 'विसंगती निदर्शनास आली' टिकत नाही. ढवळायला विसरलेल्या त्या मुलीचे वाक्य मात्र टिकते. तिचे वाक्य तिला परत द्यावे, आणि लाल रेघ आपल्या दुरुस्तीवर ओढावी, हे बरे.