सुटकेचा अर्थ : ‘लॉस्ट’मधील एका भागाची कथनमीमांसा

‘लॉस्ट’ (२००४–२०१०) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा अंतिम भाग, ‘थ्रू द लुकिंग ग्लास’, २३ मे २००७ रोजी एबीसी वाहिनीवर प्रसारित झाला. कार्लटन क्यूज आणि डेमन लिंडेलॉफ यांचे लेखन व जॅक बेंडर यांचे दिग्दर्शन असलेला हा भाग मालिकेच्या निवेदनपद्धतीतील निर्णायक वळण ठरतो.

सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका गूढ बेटावर कोसळते. वाचलेल्यांची बेटावरील धडपड आणि त्यांतील एखाद्या पात्राचा अपघातपूर्व भूतकाळ असे दुपदरी निवेदन तीन पर्वे रूढ झाले होते. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये अशा मागे जाणाऱ्या कालव्युत्क्रमाला ‘अ‍ॅनालेप्सिस’ आणि पुढे झेपावणाऱ्याला ‘प्रोलेप्सिस’ अशी नावे दिली. प्रस्तुत भागात दाढी वाढलेला, व्यसनाधीन डॉक्टर जॅक दिसतो, तेव्हा प्रेक्षक सवयीने तो भूतकाळ मानतो. अखेरच्या प्रसंगात विमानतळाजवळ केट त्याला भेटते आणि तो काळ सुटकेनंतरचा असल्याचे उघड होते.

हा केवळ चकवा आहे काय? तसे म्हणता येत नाही, कारण रचनेतच त्याचे उत्तर आहे. बेटावर जॅक जहाजाशी संपर्क साधतो, सोबती आनंदतात. आणि लगेच तो अपघाताच्या आशेने पुनःपुन्हा विमानप्रवास करणारा, बेटावर परतू पाहणारा माणूस म्हणून समोर येतो. सुटका घडण्यापूर्वीच तिचे मूल्य शंकास्पद ठरते. संपर्काला विरोध करणारा लॉक तोवर हटवादी वाटत असतो. शेवटानंतर त्याचा विरोध पुन्हा तपासावा लागतो. चार्लीचे बुडून मरणेही याच प्रकाशात पाहावे लागते. ज्या सुटकेसाठी तो प्राण देतो, तिच्याविषयीचा इशारा तो मरताना तळहातावर लिहून जातो : येणारे जहाज पेनीचे नाही.

मालिका २०१० मध्ये संपेल, हे मे २००७ मध्येच जाहीर झाले होते. शेवट निश्चित असलेल्या कथेलाच असे पुढे पाहणे पेलते. ‘हे बेट काय आहे?’ या प्रश्नासोबत ‘या माणसांचे असे का झाले?’ हा प्रश्न येथून उभा राहतो आणि गूढाला नैतिक परिमाण लाभते.

या रचनेत एक दोष मात्र आहे. जॅक आपल्या वडिलांचा उल्लेख ते हयात असल्यासारखा करतो. वस्तुतः त्यांचा मृत्यू अपघातापूर्वीचा आहे. नशेतील भ्रम म्हणून याचे समर्थन करता येईल, तथापि येथे पात्राच्या मनोवस्थेपेक्षा प्रेक्षकाची दिशाभूल अधिक साधली जाते. उलट, जॅक ज्या अंत्यविधिगृहात जातो त्याच्या ‘हॉफ्स-ड्रॉलर’ या नावाच्या रोमन अक्षरांची फेरजुळणी केल्यास ‘फ्लॅश फॉरवर्ड’ हे शब्द मिळतात. हा संकेत प्रामाणिक आहे, कारण तो डोळ्यांसमोरच ठेवलेला असतो. पहिल्या युक्तीचे बळ दुसऱ्यांदा पाहताना ओसरते, दुसरीचे वाढते. गूढकथेतील निवेदकाची सचोटी जोखण्यास हा निकष उपयुक्त ठरावा.