डोंगरावरचा सल्लागार

मिशेल रोलाँ गाडीत मागच्या सीटवर बसलाय. ड्रायव्हर त्याला बोर्दोमधल्या एका वायनरीतून दुसरीकडे नेतोय आणि हा फोनवर कुणाला तरी सांगतोय, मायक्रो-ऑक्सिजन द्या. पुढच्या तळघरातही तोच उपाय. मधूनमधून खदखदून हसतो. जोनाथन नॉसिटरच्या ‘मोन्दोविनो’ (२००४) या माहितीपटाचा हा खलनायक. तो खलनायक आहे हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, कॅमेराच तसा त्याच्याकडे बघतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ऑन-कॉल होतो. त्याच संध्याकाळी तीन वेगवेगळ्या क्लायंटना मी ‘कॅश क्लिअर करून बघा’ असं सांगितलं होतं, आणि तिघांचंही काम झालं होतं. त्यामुळे रोलाँवर हसायचं तिथे मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

सिनेमाचं म्हणणं थोडक्यात असं: एक अमेरिकन समीक्षक, रॉबर्ट पार्कर, वाइनला शंभरपैकी गुण देतो. त्याला आवडणारी गडद, मऊ, ओकच्या नव्या पिंपाचा वास असलेली वाइन कशी करायची हे रोलाँ सांगतो. मग जगभरची वाइन एकाच चवीची होते आणि जमिनीची चव मरते. विरुद्ध बाजूला बुर्गोन्यचे उबेर द मोंतीय, लांगदोकमधले एमे गिबेर, सार्डिनियातला एक म्हातारा. आपापल्या मातीला चिकटून बसलेली, तऱ्हेवाईक, लोभस माणसं. नॉसिटर स्वतः सोमेलिए आहे, कॅमेरा त्यानंच धरलाय, आणि कुत्रं दिसलं की मुलाखत सोडून कुत्र्याकडे जायची त्याची खोड मला मनापासून आवडते.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. युरोप-अमेरिका फिरून सिनेमा अर्जेंटिनाच्या वायव्येला, साल्ता प्रांतातल्या काफायातेला जातो. आधी एचार्ट कुटुंब भेटतं, गोरे जमीनदार, रोलाँचे भागीदार. मग तिथून जवळच तोलोंबोनमध्ये अंतोनिओ काबेसास, मूलनिवासी वंशाचा, थोडक्या जमिनीत वेली लावून स्वतःची वाइन करणारा गरीब शेतकरी. इथे सिनेमा संपतो. डोंगर, साधा माणूस, साधी वाइन. आपण हळवे होऊन उठतो.

पण हा डोंगर नीट बघा. काफायाते गाव सुमारे १६८० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून (१६४६ मीटर) थोडं उंचच. एचार्टांची सान पेद्रो दे याकोचुया ही इस्टेट त्याच्याही वर, दोन हजार मीटरच्या पुढे. अक्षांश साधारण २६ दक्षिण. समुद्रसपाटीला या अक्षांशावर चांगल्या वाइनसाठी फारच उकडतं. पण दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून इथे वेल तगते. दिवसा कडक ऊन, रात्री हुडहुडी. दिवसा साखर भरते, गार रात्रीमुळे आंबटपणा टिकतो. हवा विरळ असल्यानं अतिनील किरणं जास्त पोचतात, आणि त्यापासून वाचायला द्राक्ष आपली साल जाड करतं, तिच्यात रंग आणि टॅनिन साठवतं. डोंगरावरच्या माल्बेकचा जवळजवळ काळा रंग आणि जिभेला बसणारी पकड ही त्या उन्हाची देणगी आहे.

ही पकड कधीकधी इतकी असते की वाइन पिववत नाही. आणि मायक्रो-ऑक्सिजनेशन, ज्यावर सिनेमा आपल्याला हसायला लावतो, ते नेमकं याच दुखण्यावरचं औषध. नव्वदीच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या मादिराँ इथे पात्रिक द्युकुर्नो यानं तान्ना नावाच्या कडक द्राक्षासाठी ते शोधलं. टाकीतल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे मोजून सोडायचे, म्हणजे टॅनिन मऊ होतं. पिंपातून वर्षानुवर्षं झिरपणारी हवा जे करते तेच, फक्त आकडे हातात ठेवून. हे तंत्र गरज नसलेल्या वाइनवर वापरलं तर ती गुळमुळीत होते हे खरं. पण सिनेमात तो शब्द फक्त पालुपदासारखा येतो. तो काय करतो, कुठे चालतो, कुठे नाही, हे कळलं असतं तर रोलाँवरची टीका जास्त धारदार झाली असती. एकच उत्तर सगळ्यांना देणारा सल्लागार वाईट की नाही, हे प्रश्न बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

अर्नाल्दो एचार्टनं रोलाँला काफायातेला बोलावलं ते १९८८ साली. १९९६ मध्ये घराण्याची मोठी वायनरी पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीला विकली गेली आणि कुटुंब वर डोंगरातल्या जुन्या माल्बेकच्या वेलींकडे वळलं, रोलाँला भागीदार करून. म्हणजे ज्या वाइनला आपण ‘डोंगराची चव’ म्हणतो तिच्यात फ्रान्सहून आलेलं द्राक्ष, फ्रेंच सल्लागार आणि एक कंपनी विकून आलेली मोकळीक, सगळं आहे. गावातलं स्वतःचं म्हणावं असं पांढरं द्राक्ष तोरोंतेस, तेसुद्धा स्पॅनिश लोकांनी आणलेल्या दोन वाणांच्या संकरातून अर्जेंटिनात जन्मलेलं. त्याच्या जुन्या बागा मांडवावर असतात. फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर तासगाव!

तासगावला माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. वाइनची नव्हे, बेदाण्याची. आमच्याकडच्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटून फसवावं लागतं, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. मग डाऊनी, भुरी, जीएचं डिपिंग. आणि या सगळ्यावर एक सल्लागार. तो पंधरवड्यातून एकदा येतो, बाकी व्हॉट्सॲपवर. मामानं पानाचा फोटो टाकायचा, त्यानं औषधाचं नाव पाठवायचं. शेजारच्या बागेलाही बहुतेक तेच नाव गेलेलं असतं. मी एकदा मामाला विचारलं, सगळ्यांना एकच कसं चालतं? तो म्हणाला, “अरे, ढग एकच आलाय ना सगळ्यांवर.” पुढच्या वर्षी त्याच माणसाच्या शब्दावर फवारलेलं एक औषध वाया गेलं आणि घड गळले. सल्लागाराची फी मात्र आधीच गेलेली होती.

मामाला नॉसिटरचा सिनेमा दाखवला तर तो कुणाच्या बाजूनं बसेल, मला खरंच सांगता येत नाही. आणि रोलाँ आपल्यापासून तसा लांबचा नाही. नव्वदीच्या दशकापासून बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांमधल्या ग्रोव्हरला त्याचा सल्ला होता, ‘ला रिझर्व्ह’ त्यातूनच आली. पुढे २०१२ मध्ये ग्रोव्हर आणि नाशिक जिल्ह्यातली झाम्पा एक झाल्या. चव सारखी होते का, हा प्रश्न मला म्हणूनच थोडा चैनीचा वाटतो. सल्ला चुकला तर घड कुणाचे गळतात, हा त्याच्या आधीचा.

काबेसासवरचं प्रेम मला खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. त्या खोऱ्यात निसर्गापेक्षा इतिहास जास्त दाट आहे. तोलोंबोनच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर किल्मेस लोकांच्या दगडी वस्तीचे अवशेष आहेत. शंभरेक वर्षं स्पॅनिशांना दाद न देणाऱ्या या लोकांना १६६७ च्या सुमारास हरवून ब्वेनोस आयरेसपर्यंत, हजार किलोमीटरहून जास्त, चालवत नेलं गेलं. तिथे त्यांच्या नावाचं गाव झालं, आणि त्या गावाच्या नावाची बिअर आज अर्जेंटिनात घरोघरी आहे. ज्या खोऱ्यातून मूळ माणसंच उचलून नेली, तिथे एका मूलनिवासी शेतकऱ्याकडे थोडी जमीन उरणं ही केवढी मोठी बातमी आहे! सिनेमा तिला ‘साधेपणा’ या नावाखाली गुंडाळतो. एचार्टांकडे कसून प्रश्न विचारणारा दिग्दर्शक काबेसाससमोर आला की नुसता ऐकतो, कौतुकानं बघतो. हा आदर असेल, पण शेतकऱ्याला शेतीचे प्रश्न न विचारणं हा माझ्या मते आदर नव्हे.

काफायातेला वर्षाला साधारण दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडच्या दुष्काळी जतलाही याहून कितीतरी जास्त पडतो. म्हणजे तिथली प्रत्येक वेल, एचार्टांची असो की काबेसासची, डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर जगते. ते पाणी पाटानं येतं, आणि पाट म्हटलं की पाळी आली. वर दोन हजार मीटरवर इस्टेट, खाली तोलोंबोन. नॉसिटरनं काबेसासला त्याची पाण्याची पाळी कितव्या दिवशी येते हे विचारलेलं मला आठवत नाही. मामानं तेच आधी विचारलं असतं.