मोकळ्या पट्ट्याचे लावण्य

नियमावली कोणी रसासाठी वाचत नाही. तरीही महाराष्ट्राच्या २०२० सालच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, चटईक्षेत्र आणि सामासिक अंतरांच्या रुक्ष रानात, दिव्यांगांच्या वाहनतळाविषयी चार छोटी कलमे भेटतात. जुन्नर-आंबेगावच्या मातीवर उभे राहून, आपण ती जरा सावकाश वाचू या.

पहिले कलम म्हणते : सार्वजनिक इमारतीच्या प्रवेशाजवळ, जमिनीच्या पातळीवर, दोन मोटारींची जागा, आणि तेथून दारापर्यंतचा प्रवास जास्तीत जास्त तीस मीटरांचा. यातला ‘प्रवास’ हा शब्द मोठा जाणता आहे. जुन्नरकरांना तो विशेष कळावा, कारण डोंगर समोर दिसतो तेवढ्यावरच असतो, वाट मात्र वळसे घालीत जाते. आपल्या देवस्थानांतही वाहनतळ आणि महाद्वार यांच्यामध्ये हार-पेढ्यांच्या दुकानांची रांग, एखादे गटार, एखादा उंबरा उभा असतोच. नियम नकाशावरची सरळ रेघ मोजत नाही, कुबडीच्या टेकण्या मोजतो. आणि जागा एक नव्हे, दोन! एकाच्या येण्याने दुसऱ्याला परत फिरावे लागू नये, एवढा शिष्टाचार त्या एका आकड्यात सामावला आहे.

मग येते रुंदी : किमान ३.६ मीटर. एरवी मोटारीला अडीच मीटर पुरतात, असे हीच नियमावली मानते. मग हा वरचा, मीटरभराहून थोडा अधिक पट्टा कशासाठी? त्यावर चाक उभे राहायचे नाही, सामान ठेवायचे नाही. केवळ रिकामे राहणे हेच त्याचे काम. आता त्या रिकाम्यात काय घडते ते पाहा. दार पूर्ण उघडते, अर्धेमुर्धे नव्हे. मागच्या आसनावरून घडी घातलेली चाकांची खुर्ची खाली उतरते, उलगडते, आसनाला किंचित तिरपी लावली जाते, तिची चाके अडकवली जातात, दोन तळहातांवर सारा देह क्षणभर तोलला जातो आणि माणूस एका आसनावरून दुसऱ्यावर सरकतो. कोणाच्या खांद्याची याचना नाही, कोणी उचलून घ्यायला नको. आपल्याकडे मोटारीपेक्षा अधिक दिसणारी, मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटरही याच रुंद जागेत सुखाने विसावते; तिच्यावरून उतरणाऱ्यालाही कुबडी टेकवायला हाताशी कोरी जमीन लागतेच.

त्या जमिनीविषयी केंद्राची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे आणखी बारकाईने बोलतात : ती घट्ट आणि समतल असावी, भोके असलेले फरसबंदीचे ठोकळे तिथे नकोत. गवत उगवण्यासाठी ठेवलेली ती भोके डोळ्यांना हिरवी, शोभिवंत. पण कुबडीचे रबरी टोक आणि खुर्चीचे छोटे पुढचे चाक नेमके तिथेच रुततात.

तिसरे कलम जागा राखीव असल्याचा फलक ठळक लावायला सांगते. जमिनीवर रंगवलेले चिन्ह गाडी उभी राहताच तिच्या पोटाखाली जाते, म्हणून उभा फलकही हवा. त्यावरची ती निळी-पांढरी आकृती १९६८ मध्ये डेन्मार्कच्या सुझान कोफोएड या तरुण विद्यार्थिनीने रेखाटली, तेव्हा त्या आकृतीला डोके नव्हते. नुसती खुर्चीच होती. डोक्याचे वर्तुळ नंतर जोडले गेले. एका गोलाने साधनाचे माणूस झाले!

आणि चौथे कलम तर या चौघांतले सर्वांत रसाळ. ते दृष्टिहीनांसाठी वाट दाखवणारी फरशी किंवा ध्वनीची खूण मागते. क्षणभर आपण थबकतो : दृष्टिहीन माणूस गाडी कुठे चालवतो? पण तो गाडीतून येतो ना! चालकाच्या शेजारी बसलेल्याची, पायाच्या तळव्याने रस्ता वाचणाऱ्याची आठवण ठेवणारा हा नियम वाहनांसाठी लिहिलेला नाही, येणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे.

रिकामेपणातून रचना घडवण्याची कला या मुलखाला मुळीच नवी नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मज जिथे विराजतो, तो प्राचीन बौद्ध विहार पाहा. एकही खांब नसलेले ते विस्तीर्ण दालन कोणी बांधलेले नाही. कातळ काढून टाकत गेले आणि माणसांना वावरायला अवकाश उरला. अर्थात तिथवर पोचायला पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि पायथ्याचा कितीही सुंदर आखलेला पट्टा त्या चढू शकत नाही; ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आहे. पण कुकडीकाठच्या ओझरला विघ्नेश्वर सपाटीवर आहे. तिथे, किंवा मंचर-नारायणगावच्या एखाद्या दवाखान्याच्या दारी, हीच चार कलमे गाडीपासून थेट आतपर्यंतचा अखंड मार्ग होऊ शकतात.

कवितेला रसिक लागतो, तसा या रचनेलाही लागतो. फरक इतकाच की तिचे रसिक ती न वापरणारे आहेत. संकष्टीची गर्दी, गाडीत कुरकुरणारी मुले, समोर दाराशी कोरी जागा, आणि ‘दोनच मिनिटे’ हा जिभेवर आलेला मंत्र. तो गिळून आपण गाडी पुढे नेतो, तेव्हा त्या मोकळ्या पट्ट्याचे सौंदर्य पुरे होते. अभियंता ते अर्धेच आखू शकतो.