गोंधळ : विधी व कला

गोंधळ हे देवीच्या उपासनेतून निर्माण झालेले महाराष्ट्रातील एक विधिनाट्य होय. माहूरची रेणुका (जि. नांदेड) व तुळजापूरची भवानी (जि. धाराशिव) ही त्याची मराठवाड्यातील प्रमुख दैवते असून त्यांना अनुसरून गोंधळ्यांचे रेणुराई व कदमराई असे दोन भेद मानतात. जळकोट–उदगीर हा भाग या दोन्ही क्षेत्रांच्या दरम्यान येतो. विवाहादी मंगलकार्यानंतर गोंधळ घालणे हा अनेक घराण्यांचा कुलाचार आहे.

चौक भरून त्यावर कलश मांडतात व दिवटी पेटवितात. संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने नायक ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावे घेऊन पाचारण करतो. हा पूर्वरंग होय. उत्तररंगात आख्यान रंगते. साथीदाराचे प्रश्न व विनोद यांनी ते खुलते आणि शेवटी आरती होते. आवाहन देवीला उद्देशून असते, तर आख्यान जमलेल्या माणसांसाठी असते. विधी व कला यांची सीमारेषा अशी गोंधळाच्या रचनेतच आढळते.

ही सीमारेषा पूर्वीही ओलांडली गेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याने भूतमातेच्या उत्सवातील नृत्य पाहून त्यास ‘गोंडली’ या नावाने प्रतिष्ठा दिली, असे जायसेनापतीच्या नृत्तरत्नावलीत (तेरावे शतक) म्हटले आहे. अभ्यासकांनी गोंधळाचा संबंध या नृत्याशी जोडला आहे. तो ग्राह्य धरल्यास विधीचे रंजनात रूपांतर होणे ही केवळ आधुनिक घटना ठरत नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी आपल्या भारुडांत गोंधळाचे रूपक योजून त्याला अध्यात्मबोधाचे साधन बनविले.

आज गोंधळ लोककलामहोत्सव, चित्रपट व प्रचारकार्य यांतही दिसतो. त्यामुळे गोंधळ्यांना नवा प्रेक्षक व नवी मिळकत लाभली. तथापि रात्रभराचा विधी काही मिनिटांत बसविताना संबळाचा ठेका, वेशभूषा व दिवटीचे नृत्य तेवढे उरते आणि आख्यान गळते. वस्तुतः आवाहन घरच्या चौकातच अर्थपूर्ण ठरते. रंगमंचावर टिकू शकणारा भाग आख्यानाचाच आहे, कारण तो मुळातच श्रोत्यांसाठी असतो. प्रयोजन बदलणे हा गोंधळाचा ऱ्हास नव्हे. एकनाथांनी त्याला नवे प्रयोजन दिलेच होते. केवळ देखावा राहून सांगण्याजोगे काही न उरणे, हा मात्र ऱ्हास होय.