भूमध्य समुद्राचा अभ्यास : ब्रोदेल यांचा ग्रंथ आणि पालेर्मोची एक शिळा

महाविद्यालयीन शिक्षणाचे एखादे सत्र परदेशी घालवून भूमध्य समुद्राकाठच्या इतिहासाचा व संस्कृतीचा अभ्यास करण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुजली आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी अथेन्स येथे १९६२ साली व रोम येथे १९६५ साली अशी केंद्रे सुरू झाली, आणि ती परंपरा आजही चालू आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याची गाठ कधी ना कधी एका ग्रंथाशी पडतेच. फ्रेंच इतिहासकार फेर्नां ब्रोदेल यांनी दुसऱ्या फिलिप राजाच्या काळातील भूमध्य जगावर लिहिलेला आणि १९४९ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. त्याच्या थोरवीविषयी दुमत नाही. विशीतल्या विद्यार्थ्याने तो कोणत्या दृष्टीने वाचावा, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

ग्रंथाची जन्मकथा मुळातच परदेशी केलेल्या अभ्यासाची आहे. १९२३ साली एक तरुण शिक्षक म्हणून ब्रोदेल अल्जीरियात गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. युरोपातील इतिहासकार ज्या समुद्राकडे उत्तरेकडून पाहात होते, तोच त्यांना दक्षिण किनाऱ्यावरून दिसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४५ अशी पाच वर्षे ते जर्मनीत युद्धकैदी होते. जमविलेली टिपणे जवळ नसताना, बव्हंशी स्मरणाच्या बळावर, त्यांनी वह्यांमागून वह्या लिहून काढल्या. किनारा बदलला की इतिहासही वेगळा दिसतो, हा त्यांच्या आयुष्याचा धडा परदेशी शिकणाऱ्या प्रत्येकाने प्रथम घ्यावा.

ब्रोदेल काळाचे तीन थर मानतात. तळाशी डोंगर, वारे, ऋतू यांचा अतिमंद काळ. त्यावर व्यापार, लोकसंख्या व राज्यव्यवस्था यांचा काळ. आणि सर्वांत वर राजे व लढाया यांचा चंचल काळ. हिवाळ्यात हा समुद्र गलबतांना कसा बंद होतो, याचे त्यांनी केलेले विवेचन वाचताना 'प्रेषितांची कृत्ये' मधील सत्ताविसावा अध्याय आठवल्यावाचून राहात नाही. उपवासाचा दिवस उलटून गेला होता, प्रवास धोक्याचा झाला होता, तरीही संत पौलाला नेणारे आलेक्सांद्रियाचे धान्याचे जहाज पुढे निघाले आणि माल्टापाशी फुटले. ब्रोदेल वाचल्यावर हा प्रसंग अधिक स्पष्ट कळतो. ऋतुचक्राविरुद्ध निघालेले ते जहाज होते.

आपल्या किनाऱ्याशीही या ग्रंथाचा संबंध पोहोचतो. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला आले आणि १५३४ साली वसई त्यांच्या ताब्यात गेली. त्यांच्या आगमनाने भूमध्य समुद्राचा मिरीचा व्यापार संपला, असे समजले जात असे. परंतु सोळाव्या शतकाच्या मध्यास मिरी पुन्हा तांबड्या समुद्राच्या मार्गाने आलेक्सांद्रियाला व तेथून व्हेनिसला पोहोचत होती, हे ब्रोदेल यांनी दाखवून दिले. साम्राज्यांच्या सामर्थ्याविषयी सहज बनणाऱ्या समजुती असा ग्रंथ मोडून काढतो.

तथापि या भव्य चित्रात माणूस फार लहान होतो. ही टीका नवी नाही. पण तिचे गांभीर्य १४९२ च्या प्रसंगापाशी कळते. त्या वर्षी स्पेनच्या राज्यकर्त्यांनी ज्यूंच्या हद्दपारीचे फर्मान काढले. ब्रोदेल त्याची सांगड वाढलेल्या लोकसंख्येच्या ताणाशी घालतात, आणि आजच्या भावनांच्या निकषावर त्या काळच्या स्पेनला दोषी ठरविण्यास नकार देतात. कोणतीही संस्कृती परक्यापेक्षा स्वतःलाच अधिक जपते, असा त्यांचा एकंदर सूर आहे. कारणमीमांसा म्हणून यात तथ्य असेल. परंतु कारण सांगणे ही एक गोष्ट आणि निर्दोष ठरविणे ही दुसरी. लोकसंख्येचा ताण कितीही असो, फर्मानावर सही करणारा हात माणसाचा होता, आणि घर सोडून निघालेली आईही माणूसच होती.

विद्यार्थ्याने हा भाग वाचल्यावर सिसिली बेटावरील पालेर्मोला जावे. तेथील झीसा राजवाड्याच्या संग्रहालयात ११४९ सालची एक शिळा आहे. राजा दुसरा रॉजर याच्या सेवेतील ग्रिसान्तुस नावाच्या धर्मगुरूने आपली आई आन्ना हिच्या स्मरणार्थ ती कोरविली. लेख लॅटिन, ग्रीक व अरबी या तीन भाषांत आहे. शिवाय अरबी भाषा हिब्रू लिपीत लिहिलेला चौथा लेखही आहे. प्रत्येक लेखात वर्ष त्या त्या समाजाच्या कालगणनेनुसार दिले आहे. आपल्या आईचे नाव सर्व शेजाऱ्यांना वाचता यावे, असे एका पुत्राला वाटले, असाच अर्थ मला त्यातून लागतो. १४९२ चे फर्मान सिसिलीलाही लागू झाले आणि ती हिब्रू अक्षरे वाचणारा समाज बेटावरून नाहीसा झाला. परक्यापेक्षा स्वतःला जपणे हा संस्कृतीचा नियमच असेल, तर ही शिळा कोरली गेली कशी?

आपण ख्रिस्ती वाचकांनी तर हा प्रश्न टाळूच नये. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळात केलेल्या पापांबद्दल, ज्यू लोकांविरुद्ध घडलेल्या अपराधांसह, देवाची जाहीर क्षमा मागितली. काळाला दोष देऊन मोकळे होणे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही.

म्हणून ब्रोदेल वाचावेत, पण एकटे वाचू नयेत. हॉर्डन व पर्सेल यांचा 'द करप्टिंग सी' (२०००) हा समुद्र लहान लहान परिसरांत व त्यांच्या परस्परसंबंधांत उलगडून दाखवितो. डेव्हिड आबुलाफिया यांचा 'द ग्रेट सी' (२०११) तर माणसांच्या हालचालींनाच केंद्रस्थान देतो. याहून महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या वहीत दोन रकाने आखावेत. एकात कारणे लिहावीत, दुसऱ्यात नावे.

या सवयीची गरज इतिहासापुरती नाही. सिसिलीच्या दक्षिणेस असलेल्या लांपेदूसा बेटाजवळ ३ ऑक्टोबर २०१३ रोजी निर्वासितांची नाव बुडून साडेतीनशेहून अधिक माणसे मरण पावली. दारिद्र्य, युद्ध, दलाल, राष्ट्रांचे कायदे अशी कारणे पहिल्या रकान्यात भरता येतील, आणि ती भरलीच पाहिजेत. पण माल्टापाशी फुटलेल्या जहाजाचा वृत्तान्त लिहिताना संत लूकने वादळाबरोबर जहाजावरील माणसांची संख्याही नोंदविली : दोनशे शहात्तर. त्यांतील एकही दगावला नाही, हेही त्याने सांगून ठेवले. भूमध्य समुद्राचा अभ्यास करून घरी परतणाऱ्या आपल्या मुलामुलींनी निदान एवढी मोजदाद शिकून यावे.