चॉकलेटच्या नदीचा उगम

गेल्या मे महिन्यात मी मुलांसाठी लेखनाचं एक छोटं शिबिर घेतलं. नऊ ते बारा वयाची चौदा मुलं. पहिल्या दिवशी फळ्यावर विषय लिहिला, ‘माझा चॉकलेटचा कारखाना’. मला वाटलं, एवढा गोड विषय दिल्यावर पोरं सुसाट सुटतील.

अर्ध्या तासाने वह्या गोळा केल्या. चौदांपैकी अकरा वह्यांमध्ये चॉकलेटची नदी होती. नदीच्या काठी कँडीची झाडं होती. सगळ्यांनी पोटभर खाल्लं आणि शेवटी बहुतेकांना आईने हाक मारून उठवलं, कारण ते स्वप्न होतं.

मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ती नदी कुठून आली हे मला माहीत होतं. रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधून. ज्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, त्यांनी सिनेमा पाहिला होता. त्यात आपल्याकडे लहानपणापासून राजा मंगळवेढेकरांचा ‘चॉकलेटचा बंगला’ कानावर पडलेला असतोच. बंगला असो की नदी, मुलांच्या हातात चॉकलेट येतं ते तयार होऊन. मग त्याचं करायचं काय? खायचं. आणि खाऊन झालं की गोष्ट संपते.

त्या रात्री मी डालचं पुस्तक पुन्हा काढलं. मला त्याच्यावर थोडं चिडायचं होतं. पण वाचताना लक्षात आलं, की डालच्या गोष्टीत खाणं फारच कमी आहे. तिथे सतत काम चाललेलं आहे.

आठवून बघा. ऑगस्टस नदीत पडतो, ती चॉकलेट घुसळण्याची जागा आहे. विली वाँकाला आपला धबधबा आवडतो तो सुंदर आहे म्हणून नाही, त्याने चॉकलेट हलकं होतं म्हणून. व्हायोलेट फसते ती प्रयोगाच्या खोलीत. तिने तोंडात टाकलेल्या च्युइंगममध्ये अख्खं जेवण असतं, पण शेवटच्या गोड पदार्थापाशी ते अजून बिघडतंय, हे वाँकाला माहीत असतं. व्हेरुका अडकते ती अक्रोड निवडायच्या खोलीत. तिथल्या खारी अक्रोड ठोकून बघतात आणि किडका निघाला की कचऱ्यात टाकतात. माइकचं जे होतं ते माल पाठवण्याच्या खात्यात होतं. टीव्हीतून पाठवलेलं चॉकलेट आकसतं, म्हणून आधी ते अवाढव्य बनवावं लागतं.

घुसळणं, चव तपासणं, निवडणं, पाठवणं. चार मुलं, चार खाती. जिथे काम बिघडू शकतं तिथेच डाल गोष्ट घडवतो. माझ्या शिबिरातल्या मुलांनी नदी उचलली, पण त्या नदीचं काम सोडून दिलं. अर्थात, सोडायला मीच लावलं होतं. ‘कल्पना करा’ असं म्हणताना मी त्यांच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

डालच्या हातात मात्र काहीतरी होतं. ‘बॉय’ या १९८४ साली आलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने ते सांगितलं आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तो इंग्लंडमधल्या रेप्टन या निवासी शाळेत होता. तिथल्या मुलांना कॅडबरी कंपनीकडून अधूनमधून एक साधा पुठ्ठ्याचा खोका यायचा. आत बारा चॉकलेटं. त्यांतलं एक नेहमीचं, तुलनेसाठी. बाकीची अकरा नवी, बाजारात न आलेली. सोबत एक कागद. प्रत्येक चॉकलेटला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि आवडलं किंवा नावडलं ते का, हे लिहायचं. तेव्हा डालला पहिल्यांदा सुचलं, की चॉकलेट कोणीतरी बसून, डोकं खाजवून शोधून काढतं. मग तो स्वतःला त्या प्रयोगशाळेत काम करताना बघू लागला. पुढे काही दशकांनी मुलांसाठी गोष्ट शोधताना त्याला तो खोका आठवला.

म्हणजे या जगप्रसिद्ध अद्भुत गोष्टीच्या मुळाशी आहे एक तक्ता. गुण आणि शेरा. मला हे फार आवडलं. आणि याच ठिकाणी पुस्तकाशी माझं भांडणही सुरू झालं.

वाँकाच्या कारखान्यातही चव बघणारे आहेत. ते फसलेलं च्युइंगम त्याने आधी वीस उम्पा-लुम्पांवर वापरून पाहिलेलं असतं आणि ते वीसही जण फुगून ब्ल्यूबेरी झालेले असतात. वाँका हे जाता जाता सांगतो. त्या विसांनी शेरा काय लिहिला? कोणी विचारलेलंच नाही. रेप्टनच्या मुलांना कागद मिळाला होता, यांना मिळाला नाही. उम्पा-लुम्पा पुस्तकभर गाणी म्हणतात, पण ती पाहुण्या पोरांच्या खोडींवर. स्वतःबद्दल एकही नाही.

मग हे उम्पा-लुम्पा कोण? वाँकाने हेरगिरीला कंटाळून जुने सगळे कामगार काढून टाकले आणि दूर जंगलातून या छोट्या माणसांना खोक्यांत घालून आणलं. पगार म्हणून त्यांना कोकोच्या बिया मिळतात. आज पुस्तकात त्यांचा देश ‘लुम्पालँड’ आहे. पण १९६४ साली अमेरिकेत निघालेल्या पहिल्या आवृत्तीत ते आफ्रिकेच्या जंगलातले काळे पिग्मी होते. त्यावर टीका झाली आणि १९७३च्या आवृत्तीत डालने त्यांना गोरं, सोनेरी-तपकिरी केसांचं करून टाकलं.

रंग बदलला. खोकी, बियांचा पगार आणि कारखान्यातच राहणं, हे तसंच राहिलं. आणि एक गोष्ट पुसली गेली. १९६४ साली जगात सर्वाधिक कोको घानात पिकत होता. आफ्रिकेचा तो उल्लेख अपमानकारक होता, यात वाद नाही. पण चॉकलेटची नदी कुठून निघते याची पुस्तकातली एकमेव खूणही तीच होती. दुरुस्तीत अपमान थोडा झाकला गेला आणि उगम साफ नाहीसा झाला. वाँकाचा कारखाना घुसळण्यापासून सुरू होतो. त्याच्या आधी काय होतं, हे पुस्तक सांगत नाही.

त्याच्या आधी बरंच काही असतं. कोकोचं फळ फांदीच्या टोकाला लागत नाही, ते थेट खोडावर लागतं, आपल्या फणसासारखं. आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया. त्या कच्च्या बीला चॉकलेटची चव अजिबात नसते. ती कडू आणि तुरट लागते. पश्चिम आफ्रिकेत गरासकट बियांचा ढीग करून तो केळीच्या पानांनी झाकतात आणि पाच-सहा दिवस आंबू देतात. ढीग आतून इतका तापतो की बी रुजायची शक्ती गमावते. तिच्या आत चवीची तयारी होते ती या मरणानंतर. मग उन्हात वाळवणं, भाजणं, टरफलं काढणं. राहिलेला गर वाटला की तो पातळ होतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो. म्हणजे चॉकलेट खरंच वाहतं, डाल त्याबाबत खोटं बोलत नाही! पुढे साखर घालून ते तासन्‌तास घोटायचं. घोटण्याचं ते यंत्र रोडोल्फ लिंटने १८७९मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काढलं. शेवटी नेमक्या तापमानाला आणून थंड करायचं, म्हणजे वडी चकचकीत होते आणि कट्‌कन मोडते. हे शेवटचं साधलं नाही, किंवा वडी वितळून पुन्हा घट्ट झाली, की तिच्यावर पांढरट थर येतो. मे महिन्यात दप्तरात विसरलेलं चॉकलेट फ्रिजमध्ये ठेवून पाहिलेल्या कोणालाही तो माहीत असतो.

कर्नाटकात सुपारीच्या बागांमध्ये कोकोची झाडं लावतात. तिथल्या एका मैत्रिणीने मला पूर्वी वाळलेल्या बिया दिल्या होत्या. त्या घेऊन मी दुसऱ्या दिवशी शिबिरात गेले. ‘चॉकलेट’ हा शब्द उच्चारला नाही. प्रत्येकाला एक बी आणि एक कागद दिला. हुंगा, चावा, दहापैकी गुण द्या, कारण लिहा.

‘लोणच्याचा वास येतो. दोन.’ ‘आजीच्या काढ्यासारखं. शून्य.’ ‘आधी कडू, मग अजून कडू. एक, कारण कुरकुरीत आहे.’ आदल्या दिवशीच्या चौदा वह्यांत असं एकही वाक्य नव्हतं.

मग तव्यावर बिया भाजल्या. शेंगदाणे चोळून टरफलं फुंकतो तशी फुंकली. एका मुलीने सूप मागितलं आणि पाखडूनही दाखवलं. खोलीभर चॉकलेटचा वास सुटला तेव्हा मुलांना कळलं, की आपण कशाला शून्य गुण दिले ते. त्यानंतर मी सगळी कृती सांगितली आणि एवढंच म्हटलं, यातली कोणतीही एक पायरी घ्या. तिथे काय बिघडेल?

एकाने मधले सहा दिवस घेतले. त्यात ढिगाची राखण करणारा मुलगा पाचव्या दिवशीच पानं उचलून बघतो. दुसऱ्याची गोष्ट पाऊस येण्याआधी बिया गोळा करायच्या धावपळीची होती. पाखडणाऱ्या मुलीने बीच्या तोंडून लिहिलं. बीला झाड व्हायचं असतं. तिला घाम येतो, चक्कर येते आणि ती शेजारच्या बीला विचारते, आपण उगवतोय का? शेजारची म्हणते, बहुतेक.

एका मुलाने विचारलं, “ताई, तिथली मुलं चॉकलेट खातात का?”

सांगावं की नाही, यावर मी घुटमळले. घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत २०१८-१९च्या हंगामात कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार बालमजूर असल्याचा अंदाज शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली मांडला होता. दहा वर्षांच्या मुलाला लेखनाच्या तासाला हे सांगायचं? मजा मरत नाही का? मी आकडा सांगितला नाही. एवढंच म्हटलं, की तुझ्याएवढी पुष्कळ मुलं तिथे कोयत्याने फळं फोडतात आणि त्यांतल्या कित्येकांना चॉकलेट क्वचितच मिळतं. तो गप्प बसला. मग त्याने आपल्या राखणदार मुलाला एक नवा प्रसंग दिला. रस्त्यावर पडलेला चकचकीत कागद तो उचलतो, हुंगतो आणि त्याला तो वास ओळखीचा वाटत नाही.

मजा मेली नव्हती. गोष्टीत एक माणूस आला होता.

डालचं पुस्तक मुलांपासून लांब ठेवा, असं मी म्हणणार नाही. त्यात चार्लीचे वडील आहेत, जे दिवसभर टूथपेस्टच्या ट्यूबना झाकणं लावतात. व्हेरुकाच्या वडिलांच्या कारखान्यात शेंगदाणे सोलणाऱ्या बायका आहेत, ज्यांना काम थांबवून चॉकलेटांचे कागद सोलायला बसवलं जातं. कामाचा कंटाळा डालला पक्का ठाऊक होता. म्हणूनच वाटतं, की त्याने तो पुठ्ठ्याचा खोका मागच्या बाजूनेही उघडून बघायला हवा होता.

ते आता वाचणाऱ्यांनी करायचं. घरातल्या मुलाला पुस्तक द्या आणि सोबत एक कागदही. दहापैकी गुण द्यायला सांगा आणि खाली एक प्रश्न लिहा, नदीच्या आधी काय होतं?